मनगट दे वं

वत्सलाकाकू कोणाला नमस्कार करत नाहीत, थेट मनगट धरतात. कॉलेजच्या पहिल्या दिवशी त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, "मनगट दे वं" म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघत माझी नाडी मोजू लागल्या. मला वाटलं, प्राध्यापक असतील. म्हणून हात तसाच पुढे करून बसले. मग कळलं, बाई माझ्याच वर्गात, बी.एस्सी. पहिलं वर्ष, वय अठ्ठावन्न!

खापा गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. निवृत्तीचा हार गळ्यातून काढला आणि नागपूरला प्रवेश घ्यायला आल्या. "तीस वर्षं दुसऱ्यायच्या परीक्षानळ्या धुतल्या, आता स्वतःच्या खराब करीन," असं त्यांनी प्रवेशाच्या खिडकीवरच सांगितलं. विषय जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र. दोन्ही कशाला, असं मी विचारलं, तर म्हणे काळीज एकात शिकवतात आणि त्यातली वीज दुसऱ्यात. एकच घेतलं तर माणूस अर्धाच समजेल.

त्यांच्या तावडीतून कोणी सुटलं नाही. ऑटोवाला नाही, कॅन्टीनवाले भाऊ नाहीत. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, तर उत्तर द्यायच्या आधी काकूंनी त्यांचीच नाडी मोजली आणि "सर, तुमीच जास्त घाबरून राहिले" असं जाहीर केलं. एवढं करून काकूंना मार्क माझ्यापेक्षा जास्त, हा धक्का मी अजून पचवलेला नाही.

शेवटच्या वर्षी महिनाभर दवाखान्यात काम शिकायचं होतं. आम्हा दोघींना ईसीजी विभाग मिळाला. तिथल्या मॅडम कडक. विद्यार्थ्यांनी बघायचं, लिहायचं, कोणाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. अर्ध्या तासात काकूंनी मोठ्या डॉक्टरांचं मनगट धरलं आणि घरून भांडून आलात का, असं विचारलं. डॉक्टरांनी झटकन हात सोडवून घेतला, म्हणजे भांडून आले असावेत. मॅडमनी मात्र बजावलं, पुन्हा असं झालं तर प्रमाणपत्रावर सही नाही. आणि प्रमाणपत्राशिवाय पदवी नाही. तेव्हापासून काकू हात पदरात गुंडाळून बसू लागल्या. मला ते बघवत नव्हतं.

शेवटच्या दिवशी कुहीकडचे एक आजोबा आले, एकटेच. भीतीनं इतके थरथरत होते की तीनदा आलेख काढला आणि तिन्ही वेळा कागदावर नुसती गिचमिड. मॅडम नवा कागद आणायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा आजोबांचं मनगट काकूंच्या हातात होतं. आजोबा शांत झाले होते. चौथा आलेख अगदी स्वच्छ आला, पण मॅडमनी बघायचं ते बघितलं होतं.

संध्याकाळी मॅडमनी माझ्या प्रमाणपत्राच्या कागदावर सही केली आणि काकूंचा बाजूला ठेवला. मग त्या काकूंकडे वळल्या.

"नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात, काकू. तुम्ही मिनिटभर धरून बसल्या होत्या. तीन वर्षांत एवढंही आलं नाही?"

"येते, मॅडम," काकू खाली बघत म्हणाल्या. "आमचे हे गेले, पोरगा दूर राहते. नाडी मोजतो म्हटलं का लोक हात देतात. पन पंधरा सेकंदात सोडून द्या लागते."

मॅडमनी कागद ओढला आणि सही केली. तीन वर्षं मी रोज "झालं असेल नं काकू, सोडा" म्हणत मनगट ओढून घेत आले होते, आणि काकूंनी प्रत्येक वेळी निमूट सोडलं होतं.