शंभरात तीन

एका बारशाला आमच्या शेजारच्या बाळूनानांनी पाळण्यात डोकावून पाहिलं, बाळाच्या मुठीत बोट दिलं आणि आईला म्हणाले, "डाक्टर करणार काय? शंभरात चार घेतात." त्या बाईच्या हातातला पेढा हातातच राहिला. बाळाचं अजून नावसुद्धा ठेवायचं होतं.

नाना मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. धाटावच्या कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झाले आणि रोह्याजवळ वरसे गावात आमच्या शेजारी घर बांधून राहिले. बायको वारलेली, मुलगा अमेरिकेत. उद्योग एकच: कुठलं कॉलेज शंभर अर्जांतले किती घेतं ते शोधून काढायचं आणि दिसेल त्याला हादरवायचं. भाजीवालीही सुटली नाही. "तुझी पोरगी बारावीला ना गो? अवघड हाय!" ती घाबरून कोथिंबीर फुकट द्यायची.

आमची मुग्धा बारावीला गेली आणि नाना रोज सकाळी चहाला येऊ लागले. तिला बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत विज्ञान शिकायचं होतं.

"शंभरात तीन!" बशीत चहा ओतत नाना म्हणायचे. "बाकीची रडत घरी. तू कुठल्यात गो?"

माझी बायको स्वयंपाकघरात भांडी आपटायची. नानांना तो आवाज कधी ऐकू आला नाही.

एका संध्याकाळी मुग्धा म्हणाली, "बाबा, मी बंगळूरचा अर्ज भरतच नाही. पेणच्या कॉलेजात जाते."

मला धक्काच बसला. पेणचं कॉलेज वाईट नव्हे, पण ही पोरगी दोन वर्षं एकच नाव घेत होती. मी अनवाणीच नानांच्या घरात शिरलो.

"नाना, तिनं अर्जच भरायचा नाही ठरवलंय!"

नानांचा चेहरा उजळला. "बरा झाला! पेण काय, इथंच तर हाय. सांजच्याला पोर घरी."

"तुम्हाला आनंद होतोय?"

"माझ्या संदीपला घेतला ना रे त्या बंगळूरवाल्यांनी," नाना म्हणाले. "आख्ख्या शिफ्टला पेढे वाटले मी. मग तिथून अमेरिका. आई गेली तवा फोनवर रडला. रडणार नाय तर काय करणार, तिकीटच मिळाला नाय. घेतला तो घेतलाच त्यांनी."

आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला घाबरवायची खोड आहे. तो तर पोरं धरून ठेवत होता.

"नाना, पण तिला जायचंय हो."

नानांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी चहाला आले ते थेट मुग्धासमोर बसले. बशीला हात लावला नाही.

"ऐक गो. त्या शंभरात निम्मे उगाच भरायचा म्हणून भरतात. पुस्तक पण उघडलेला नसतो. तो आकडा सगळ्यांचा मिळून हाय, तुझ्या एकटीचा नाय. तू अभ्यास केलायस. भर. आणि पेणचा पण भरून ठेव, हातात एक असावा."

माझ्या बायकोनं पहिल्यांदाच त्यांना न मागता दुसरा चहा दिला.

मुग्धाला प्रवेश मिळाला. सांगायला गेलो तर नाना पायरीवरच बसले. "खरंच घेतली?" म्हणाले.

ती निघाली त्या दिवशी रोह्याच्या स्टेशनवर नाना आमच्याआधी हजर. हातात पोह्याच्या पापडांची पिशवी. मुग्धा पाया पडली तेव्हा एवढंच म्हणाले, "बाबाला फोन करत जा. मला नाय केलास तरी चालंल."

गाडी गेली. आम्ही दोघं घराकडे निघालो. नाना मागून आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, पहिले दिवस घर लय मोठं लागतं. मी येऊन बसत जाईन सांजच्याला."