आसन मोडिले त्याची हकीकत

श्री. ज्याने देह दिधला आणि देहासंगे कंबरही दिधली त्यास प्रथम नमन, मग कथेस आरंभ. शके सोळाशें एकावन्न, सौम्य नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एके राज्यी जे वर्तले ते लिहितो; राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. संवत्सरास सौम्य हे नाव ज्याने ठेविले त्याचा पाय दुखत नसावा. ते राज्यी गिरमाजीपंत म्हणोन चिटणीस होते. बाप चिटणीस, आजा चिटणीस, आणि तिघांनी दरबारी एकाच कोपऱ्यात, एकाच गादीवर बसोन पत्रे लिहिली. रीत ऐसी की, राजपत्र लिहिता डावा पाय मुडपोन खाली घ्यावा, उजवा गुडघा उभा करोन त्यावरी कागद धरावा, आणि शिक्का होई तो हालू नये. आसन मोडिले तर पत्र फाडावे आणि ते दिवशी पुन्हा गादीवर बसू नये. त्या साली पंतांचे डावे कुल्ल्यात कळ उपजली, आणि मांडीचे मागोन उतरली, मग पोटरी धरिली, मग घोटा घेतला, आणि करंगळीस जाऊन ठाणे देऊन बसली. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. जोडा घालावयास वाकवेना, तो कुटुंब भवानीबाई घालीत, आणि पंत लाजेने भिंतीकडे पाहात.

मग वैद्य आणिले. ते पाय उचलोन पाहते जाहले आणि म्हणाले, "गृध्रसी आहे. कंबरेत नस चेपली. तेल लावा, शेका, थोडं चाला, आणि बसणं सोडा." पंत म्हणाले, "वैद्यबुवा, चिटणिसानं बसणं सोडून करायचं काय?" वैद्य म्हणाले, "उभं राहून लिहा." पंत हासले आणि लंगडत दरबारी गेले. परंतु तेथे एक चमत्कार नित्य घडे. सकाळी गादीवर बसत तो गादी ऊन लागे, जैसे कोणी नुकतेच उठोन गेले. त्या कोपऱ्यात ऊन तर कधी येत नसे. आणि पत्राची अकरावी ओळ येता कळ भरे आणि "स्स्" ऐसा आवाज होई. पंतांस वाटे, आपल्याच दातांतून निघाला. एके दिवशी नमुना पाहावा म्हणोन जुनी पत्रे काढिली, तो वडिलांचे मोत्यासारखे अक्षर अकराव्या ओळीस थरथरलेले. मग आजाची पत्रे सोडिली, तीही तेथेच थरथरलेली. पंतांचे अंगावर काटा आला. आबा, म्हणजे पंतांचे वडील, तीस वर्षे त्या गादीवर बसले, एक दिवस दुखते म्हणाले नाहीत. लंगडत घरी येत आणि म्हणत, जोडा चावला. पंत दप्तरात तोंड घालोन रडले.

पुढे एके दिवशी ऐसे जाहले की, शरण आलेल्या किल्ल्यावरील चाळीस माणसांचा सूर्यास्ती कडेलोट ठरला होता, आणि तिसरे प्रहरी महाराजांचे मन द्रवले. अभयपत्र लिहावयाची आज्ञा जाहली, आणि अंगणात स्वार जीन कसोन उभा राहिला. पंत आसनी बसले, दहा ओळी निघाल्या, आणि अकरावीस ऐसी कळ आली की पाय आपोआप लांब जाहला. दिवाणजी म्हणाले, "आसन मोडलं. पत्र फाडा." पंतांनी आपल्या हाते पत्र फाडिले, खांब धरोन उठले आणि घामाघूम होऊन म्हणाले, "महाराज, आज पुन्हा गादीवर बसू नये ही रीत आहे. उभं राहू नये अशी रीत कोणी सांगितलेली नाही. चाळीस माणसं आहेत." महाराज म्हणाले, "लिहा." मग पंतांनी कोनाड्यात कागद ठेविला आणि उभ्याने लिहिते जाहले. कळ होतीच, पण हात मोकळा होता. अकरावी ओळ आली. पंतांचे ओठ मिटलेले, आणि मागे रिकाम्या गादीतून "स्स्" ऐसा आवाज आला. सर्वांनी ऐकिला. पाहतात तो गादी डावे अंगास खोल दबलेली. दिवाणजींनी जपमाळ चाचपली, ती सापडेना. पंतांनी मागे पाहिले नाही. पत्र पुरे केले, शिक्का जाहला, स्वार निघाला, टापा दूर गेल्या. मग पंत गादीपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "आबा, उठा आता. पत्र गेलं."

तेव्हा गादी हळूहळू वर आली, आधी उजवे अंग, मग डावे, जैसे कोणी कंबरेस हात देऊन उठते. आणि दाराकडे पावले वाजली, एक हलके, एक ओढलेले. ती बाहेर गेली, तो त्याच गादीवरून आणखी एक जण उठला, त्याहून म्हातारा, आणि तसाच लंगडत मागोमाग गेला.

एवंच, चाळीस माणसे वाचली, गादी उन्हात घातली, आणि ते राज्यी पत्रे उभ्याने लिहू लागले. पंतांचा पाय पुढेही दुखे. ज्या दिवशी दुखे, त्या दिवशी ते भर दरबारात "दुखतंय" म्हणत.