इंदुताईंचं अर्धं गाणं

सदाशिवरावांनी दिग्रसच्या जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं कापूस पारखला, पण त्यांना खरा अभिमान होता तो आपल्या कानांचा! जुन्या हिंदी सिनेमाचं कुठलंही गाणं लागू द्या, ते गायिका, संगीतकार आणि साल धडाधड सांगत. कोणी तपासून पाहत नसल्यामुळे ते आजवर कधीच चुकले नव्हते!

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आला, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "इंदू, यंदा तुले तुयं गाणं पुरं ऐकवतो!"

हे गाणं इंदुताईंच्या मनात रुतून बसलेलं होतं. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा ते रेडिओवर लागायचं आणि पहिला अंतरा संपायच्या आत त्यांना उठावं लागायचं. कधी दूध उतू जाई, कधी तान्हा मुलगा गोपाल रडे. पुढे काय होतं ते राहूनच गेलं.

"बाबा, मोबाइलवर मिळते ना ते," सूनबाई सुरभी म्हणाली.

"मोबाइलवरचं कायले? मी सोता रेडिओसमोर टेप ठेवून भरलं हाय! एक खरखर सापडली तर मिशी काढीन!"

गाणं भरलं त्याच आठवड्यात टेपरेकॉर्डर बंद पडला होता. तेव्हापासून सदाशिवराव ते गाणं मनातच ऐकत, आणि मनात ते अगदी स्वच्छ वाजायचं. सुरभीने यवतमाळहून कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली, पण ती आधी ऐकायला त्यांनी सक्त मनाई केली. पहिला मान इंदूचा!

अंगणात दोन मोठे स्पीकर लागले. चाळीस माणसं जमली. महागावकडून जुने स्नेही शंकरसिंगही आले. इंदुताई नवं लुगडं नेसून मधल्या खुर्चीवर बसल्या आणि गाणं सुरू झालं.

पहिल्याच ओळीत शिट्टी वाजली.

"नायक गाडीनं चालला," सदाशिवरावांनी तत्परतेने खुलासा केला. "ते इंजिन हाय!"

दुसरी शिट्टी. तिसरी.

"भाऊ," शंकरसिंग म्हणाले, "गाडी हाय का तुरीची डाळ?"

मग तान्हं मूल रडलं.

"ते... नायिकेचं लेकरू."

"तिचं तं लगन बी नाही झालं अजून!" शंकरसिंगांनी टोकलं.

अंगण खदखदलं. सदाशिवरावांचा हात मिशीकडे गेला. तेवढ्यात स्पीकरमधून एका म्हातारीचा प्रेमळ आवाज आला.

"इंदू, बस वं इथं. गाणं आइक. कुकर मी पाह्यतो."

आणि लगेच एक तरणा, खेकसणारा आवाज, "माय, चूप! टेप चालू हाय! दोघीबी बाहेर व्हा!"

हसू जिथल्या तिथे थांबलं. इंदुताईंच्या सासूबाईंना, त्यांच्या आत्याबाईंना, जाऊन तीस वर्षं झाली होती. घरात त्यांचा एकच फोटो होता, तोही पदराआड अर्धा चेहरा असलेला. आवाज कुठेच उरला नव्हता, असंच सगळे समजत होते. इंदूचं गाणं अर्ध्यावर कोणी तोडलं होतं, ते आज चाळीस माणसांसमोर सदाशिवरावांच्याच आवाजात वाजलं होतं.

इंदुताईंनी पदराने डोळे पुसले. "आत्याबाई म्हनल्या होत्या ना, बस म्हनून," त्या हळूच म्हणाल्या. "सुरभी, पुन्हा लाव."

पुन्हा लागलं. मग पुन्हा. गाण्याकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं, सगळे त्या एका वाक्याची वाट बघत होते. इतक्यात स्वयंपाकघरातून भात लागल्याचा वास आला आणि सवयीने इंदुताई उठल्या.

"बस तू," सदाशिवराव घाईने म्हणाले. "गाणं आइक. भात मी पाह्यतो."

ते आत गेले. करपलेलं पातेलं उतरवताना बाहेर दुसरा अंतरा लागला आणि त्यांना राहवलं नाही. खिडकीतून डोकं काढून ते ओरडले, "इंदू, इथली सतार नीट आइक बरं, हे गाणं ज्या साली..."

"श्श्श!" इंदुताईंसकट अख्खं अंगण म्हणालं.