युनूसमामूची छताला हरकत

युनूसमामूनं मला फसवलं. छताच्या बाजूनं बोलतो असा शब्द दिला आणि भरसभेत उठून छत नको म्हणाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं वाचताना तुम्हाला या माणसाचा लळा लागायची शक्यता आहे, आणि लळा लागला की लोक मूळ तक्रार विसरतात. मी विसरत नाही.

मामूचा गाद्या भरायचा धंदा. हिंगोलीत फुटबॉलच्या मैदानाला पाठ लावून त्याचं घर आहे. खाली दुकान, वर गच्ची. भुवयांवर कायम कापूस, खांद्यावर लाल रुमाल. एकही मॅच चुकवत नाही. पण बघायची रीत अशी, की बॉल दक्षिणेच्या गोलजवळ आला, पायऱ्यांवरची सगळी माणसं उठून उभी राहिली, की हा मैदानाकडं पाठ करतो आणि रुमाल काढतो. गोल झाला तर रुमाल डोक्यावर गरगर फिरतो. गोलकीपरनं अडवला तर गळ्याला गुंडाळला जातो. बॉल बाहेर गेला तर मामू त्यानं नाक पुसतो. शिरड शहापूरच्या पोरांनी एकदा असा गोल मारला की पंचसुद्धा बघत राहिला. मामूनं तो बघितला न बघितला आणि वळला.

मी पत्र्याचा व्यापारी. पुसेगावच्या पलीकडच्या तांड्यावरून आलो आणि भंगाराच्या लिलावात उभा राहून धंदा शिकलो. तिथं कुणी नुसता कान खाजवला तरी भाव बदलतो. इशारा कशाला म्हणतात ते मला कळतं. मामू सट्टेवाल्याला खबर देतो याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. एकदा विचारलंच.

"मामू, रुमाल कुणाला दाखवता?"

"माशा हाकलून राहिलो."

"बॉल गोलवर आला की माशा येतात?"

"बराबर. पण तुला काहून पडली?"

'बराबर, पण काहून' हे मामूच्या तोंडात बसलेलं. कुणी चहा पाजला तरी कप हातात धरून विचारतो, "बराबर, पण काहून?" एकदा लग्नाची गादी सांगायला मुलीचे वडील आले. चांगली मऊ भरा म्हणाले. मामू त्यांनाही म्हणाला, "बराबर, पण काहून?" ते गृहस्थ दुसऱ्या दुकानात गेले.

मग नगरपालिकेनं मैदान सुधारायचं काढलं, काय पाहिजे ते लोकांनी सभेत सांगायचं होतं. आता आमच्या सोयी ऐका. पश्चिमेला, मामूच्या घराच्या पुढ्यात, दगडी पायऱ्या आहेत. मॅच दुपार कलल्यावर सुरू होते तेव्हा दगड तव्यासारखा असतो आणि ऊन मानेवर. संडास आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्लीवाला मॅचच्या दिवशी हमखास गावाला गेलेला असतो. मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची उंच टाकी आहे, तिच्या तोटीतून वारा येतो. कुणी म्हणे आधी नळ, कुणी म्हणे आधी खुर्च्या.

"खुर्च्या नको," मामू म्हणाला. "खुर्चीवर माणूस एकटा बसतो. पायरीवर कसं, सरक म्हटलं की सरकतो."

हे मला पटलं. मामूचं मला अधूनमधून पटतं, त्याचाच मला राग येतो. मी म्हटलं, खुर्च्या सोडा, नळ मागून घेऊ, पहिलं छत. सगळ्यांनी माना हलवल्या. मामूनं माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

"तू पत्रेवाला. तुला छत पाहिजेच."

माझं डोकं फिरलं. "या कामाला माझ्या दुकानातला एक पत्रा गेला तर माझं नाव बदला! दुसऱ्याकडून घेऊ द्या त्यांना! मान माझीपण भाजते, मामू!" इतका ओरडलो की खेळणारी पोरं थांबली. सगळे मामूकडं बघायला लागले. पायऱ्यांवर सगळ्यात जुना तोच, त्याच्या शब्दाला सभेत वजन. तो म्हणाला, "ठीक. बोलतो मी."

सभेत मैदानाचा नकाशा काढणारे साहेब आले होते. छताचा विषय निघाला. मामू उठला, रुमाल नीट केला आणि म्हणाला, "साहेब, छत नको."

"का हो?"

"कबुतरं येतात."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "जाळी लावू."

"जाळीत कबुतर अडकून मरतं."

"अन् लोकांना ऊन लागतं त्याचं काय?"

"उन्हानं हाडं धरत न्हाईत," मामू म्हणाला आणि खाली बसला. माझ्याकडं बघितलं नाही.

साहेबांना तेवढंच पाहिजे होतं. लोकांचंच एकमत नाही म्हणाले, आणि सगळ्या पायऱ्यांचं छत रद्द करून मधोमध फक्त पाहुण्यांपुरता मांडव ठेवला, लोखंडी, पक्का. मामू अर्धवट उठला आणि परत बसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. किती खाल्लेस, कुणाकडून खाल्लेस, सट्टेवाला कोण, सगळं विचारलं. मामू कापूस पिंजत राहिला. तेवढ्यात वरून बाईचा आवाज आला, "ऊपर बुलाव उनको. पूरी गल्ली सुन री."

गच्चीवर कठड्याला टेकून जुनी गादी घडी करून ठेवली होती. तिच्यावर मामी बसली होती, गुडघ्यांवर गरम कापड बांधून. तिनं मला आवाजावरनं ओळखलं.

"पंचाला शिव्या देता ते तुमीच ना? बसा."

मी बसलो. समोर अख्खं मैदान पसरलं होतं. फक्त दक्षिणेचा गोल टाकीच्या आड गेला होता.

"तेवढाच दिसत न्हाई," मामी म्हणाली. "तिथलं हे सांगतात, रुमालानं."

मी मामूकडं बघितलं. मामू रुमालाची घडी घालत होता.

"अहो, मग सभेत सांगायचं! छतानं घरातून दिसायचं बंद होईल म्हणून!"

मामीनं ओढणी तोंडावर धरली, हसू लपवायला. "एवढ्या मर्दांत उठून सांगतील व्हय, माझी घरवाली मॅच बघते म्हणून? त्यापेक्षा कबुतरं बरी."

"मला तरी सांगायचं होतं!" मी उभा राहिलो. "तुमच्या घरासमोर दोन खांबांमधला एक गाळा उघडा ठेवून घेतला असता. एवढ्या मोठ्या छतात एक गाळा कोण बघतो? आयुष्य गेलं माझं घासाघीस करण्यात!"

"तुला सांगितलं असतं तर तू पायऱ्यांवर उभा राहून ओरडला असतास," मामू म्हणाला.

"ओरडलो असतो. मग?"

मामू जिन्याच्या पायरीवर बसला. "लेकी नांदायला गेल्या. जेवताना दोघांत बोलायला काय हाय? ती म्हणते ऑफसाइड होता, मी म्हणतो नव्हता. जेवण होऊन जातं."

मी माफी मागितली नाही. शब्द फिरवला तो त्यानं.

आता मांडव उभा आहे. मध्यरेषेसमोर, म्हणजे बरोबर मामूच्या गच्चीपुढं. मागच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत पत्रा ठोकलाय, पाहुण्यांच्या पाठीला ऊन लागू नये म्हणून. पाहुणे बक्षीस वाटायला शेवटी येतात, तोवर आत कुत्री झोपतात. आम्ही दोन्ही बाजूंना भाजतो. मॅच संपली की मामू घरी जायची घाई करत नाही. मी एकदा ऊठ म्हटलं. म्हणाला, "घरी जाऊन सगळी मॅच सांगतो मी तिला. ती नुसती व्हय व्हय करते. ऐकून भांडता येत न्हाई, म्हणते."

मामूनं मला फसवलं त्याचं मी आणि तो बघून घेऊ. पण नकाशावाल्या साहेबांनी एकदा चारच्या उन्हात आमच्या पायऱ्यांवर येऊन बसावं आणि सगळ्यांदेखत सांगावं: मैदानाला लागून एवढी घरं आहेत, त्यातल्या एकाचाही जिना चढून, इथून मॅच कोण बघतं, हे त्यांनी का विचारलं नाही.