दोन नाकांची गाडी

कानिफनाथांच्या गाडीला दुसरं नाक बसवायची काडीचीही गरज नव्हती. सोनईत ती एका नाकाने बिनतक्रार श्वास घेत होती. पण नगरचा गाडी-तज्ज्ञ सुनील म्हणाला, "काका, हवेची दुसरी नळी टाकू. इंजिन मोकळं होईल, गाडी नुसती उडंल!" आणि ऐन भाचीच्या लग्नाच्या तोंडावर कानिफनाथांना उडायची हौस आली.

नळी बसली आणि गाडी ठसकायला लागली.

"आरं, ही खोकती का?"

"इंजिनाच्या कॉम्प्युटरला एकाच नळीतली हवा कळते, काका. दुसरीतली गुपचूप आत शिरते, मग त्याचा पेट्रोलचा अंदाज चुकतो. गाडी रस्त्यावर चालवून त्याला शिकवावं लागतं."

"गाडी माजी, पैसं माजं, आन् वर शिकवनीबी मीच घ्यायची?" कानिफनाथ कडाडले. आता बोला! पण लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं. करतात काय?

सुनील मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसला आणि गाडी घोडेगावच्या रस्त्याला लागली. कारखान्याचा हंगाम भरात होता. जाताना पुढे रिकाम्या ट्रॉल्या, येताना उसाने भरलेल्या, आणि ओव्हरटेक करायला तसूभर जागा नाही. तरी सुनीलने परत येताच समाधानाने लॅपटॉप मिटला. "झालं काका. एकदम मख्खन!"

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ फेटा बांधून, राजेश्वरीबाईंना शेजारी बसवून नेवाशाला निघाले. गल्लीतून गाडी खरंच लोण्यासारखी निघाली. गावाबाहेर त्यांनी वेग वाढवला, तशी ती ठसकली, हिसके देऊ लागली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. हळू चालवली की शहाणी, जरा दामटली की बंद. त्यांनी सुनीलला फोन लावला.

"बरोबर हाय, काका. काल आपन ट्रॅक्टरच्या मागंच फिरलो ना? कॉम्प्युटर तेवढंच शिकला."

"म्हंजी माज्या गाडीचा तू ट्रॅक्टर केलास?"

"पन चालती कशी मख्खन, ते बघा की!"

कानिफनाथांनी फोन मागच्या सीटवर भिरकावला. माणसाने संतापू नये तर काय करावं? मागून हॉर्नचा गदारोळ, उसाचा एक ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला, आणि वर त्याच्या ड्रायव्हरने काळजीने विचारलं, "पाव्हनं, काई बिघाड झाला का?"

"आवो, ठिवा ही गाडी हितंच. एसटीनं जाऊ," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

"नवरीचा मामा एसटीतनं उतरंल? न्हाई जमायचं!"

मागच्या सीटवर फोन वाजला. राजेश्वरीबाईंनी तो उचलून नवऱ्याच्या कानाला लावला. बहीण होती, छबूबाई. "दादा, कुठं हायेस? निकिताला मांडवात कोन आननार? तू आल्याबिगर लगीन लागनार न्हाई, सांगून ठेवते!"

"येतोय म्हनलं ना! वाटंतच हाय!"

वाटेतच होते, आणि बराच वेळ वाटेतच राहिले. नेवाशात मांडवाच्या रस्त्याला वळले, तर पुढे नवरदेवाची मिरवणूक. बँड, नाचणारी पोरं, आणि मधोमध उघडी जीप. तासभर मुंगीच्या पावलांनी चालून जीप तापली होती आणि बॉनेटमधून वाफ सोडत उभी होती. नवरदेवाचे काका, बिभीषणराव, घाम पुसत इकडेतिकडे बघत होते. त्यांची नजर मागून सरकत येणाऱ्या या गाडीवर पडली.

"वा रं गाडी! एक हिसका न्हाई. जनू मिरवनुकीसाठीच केलीय!" त्यांनी दार उघडून नवरदेवाला मागच्या सीटवर कोंबलं.

"आवो, मी नवरीकडला हाय! नवरीचा मामा!" कानिफनाथ ओरडले. पण बँडपुढे मामाचं कोण ऐकतो? पोरांनी जीप बाजूला ढकलली, मिरवणूक निघाली, आणि गाडी मांडवाच्या दारापर्यंत एकदाही ठसकली नाही.

दारात छबूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "काय रे दादा! सारा मांडव तुज्यापायी खोळंबलाय. पोरीकडं यायचं सोडून तू त्यांचा ड्रायव्हर झालास व्हय?"

आता मात्र अती झालं. कानिफनाथ खाली उतरले आणि त्यांनी दार दाणकन आपटलं.

"मी आल्याबिगर लगीन लागनार न्हाई, आसं तूच म्हनलीस ना? मग नीट बघ. नवरदेवसुदिक मी आनल्याबिगर आला न्हाई!"

कानिफनाथांनी फेटा सारखा केला आणि ते भाचीला आणायला आत गेले.