दारातली सही

मंत्रिमंडळाच्या बैठकीला आत शिरण्यापूर्वी दारात सही करावी लागे. पूर्वी बैठक संपल्यावर इतिवृत्तावर सह्या घेत. पण तोवर निम्मे मंत्री विमान गाठायला पळालेले असत. म्हणून सचिवांनी सोय केली: इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं आणि सही येतानाच घ्यायची. पेन टेबलाला दोरीने बांधलेलं होतं. सरकारचा मंत्र्यांवर पूर्ण विश्वास होता, फक्त पेनाच्या बाबतीत नव्हता.

त्या दिवशी पूलमंत्र्यांनी नेहमीप्रमाणे सही ठोकली आणि मग खिसा चाचपला. खिशात अभियंत्याचा अहवाल होता: नदीवरचा जुना पूल हलतो, तातडीने बंद करा. शिवाय सकाळीच धाकट्या बहिणीचा फोन आला होता. ती नदीपलीकडे राहायची आणि रोज त्याच पुलावरून अलीकडच्या शाळेत शिकवायला यायची.

"दादा, काल पायाखाली हलला रे! पुलांचा मंत्री ना तू? मग तो मेला पूल बंद कर की!"

"आज करतोच," असं ते बोलून बसले होते.

पहिलाच विषय निघाला, जुन्या पुलाला नवा रंग दिल्याबद्दल त्याचं उद्घाटन. पूलमंत्री उभे राहिले. बैठकीत कुणी उभं राहिल्याचं इतरांना आठवत नव्हतं, त्यामुळे चहा आला असेल म्हणून सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"साहेब, पूल बंद करायला हवा."

"बोला ना, मोकळेपणाने बोला," पंतप्रधान मायेने म्हणाले. "मी कोण? तुमच्यातलाच एक. कारभार मंत्रिमंडळाचा आहे. बोलून झालं की बसा."

सचिवांनी चष्मा पुसला. "अडचण अशी आहे, की पूल सुरक्षित असल्याचा ठराव आपणच मांडलाय. पान दोन. खाली पहिली सही आपली."

"मी? कधी मांडला?"

"आत येताना."

"मग खोडतो ती सही!"

"खुशाल खोडा. पण निर्णय एकमताचा असतो. एकमत गेलं, की मंत्रिमंडळ गेलं."

शेजारच्या शेतीमंत्र्यांनी मागून त्यांचा कोट ओढला. "अहो, बसा! बंगल्यात आत्ताच नवे पडदे लावलेत माझ्या बायकोने."

"वाटणी साधी आहे," पंतप्रधानांनी समजावलं. "निर्णयाचं ओझं मी एकटा वाहतो. जबाबदारी तुम्हा सगळ्यांना सारखी देतो. पूल राहिला तर माझा, पडला तर आपला."

पूलमंत्री बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. पण ते बसले.

दारातल्या सहीची पद्धत इतकी सोयीची ठरली, की ती जनतेलाही लागू झाली. उद्घाटनाच्या दिवशी पुलाच्या पलीकडच्या टोकाला टेबल, वही आणि दोरीने बांधलेलं पेन होतं. वहीवर छापलं होतं: 'पूल सुरक्षित आहे, याबद्दल खालील सर्वांचे एकमत आहे.' त्याखाली मंत्र्यांच्या सह्या आणि त्याखाली जनतेसाठी रिकाम्या ओळी. सही केली की पुढे सोडत.

अलीकडच्या टोकाला पंतप्रधान फीत कापत होते. पूलमंत्र्यांना समोरून बहीण येताना दिसली, खांद्याला पिशवी, हातात वह्यांचा गठ्ठा. ते फीत, पंतप्रधान आणि फोटोग्राफर यांना ढकलून धावत सुटले. मध्यावर पोचले तेव्हा कठडा थरथरत होता.

"चिमे, मागे फिर! अगं, कशावर सही केलीस ते वाचलंस का?"

"कुठलं वाचतेय! मागे ही रांग," ती धापा टाकत म्हणाली. "आणि पहिली सही तुझीच दिसली. म्हटलं, दादाने केलीय म्हणजे वाचूनच केली असणार."

पायाखाली काहीतरी करकरलं. दोघांनी एकमेकांचा हात धरला.

पलीकडे टेबलावर काम व्यवस्थित चालू होतं. वहीत अजून पुष्कळ ओळी रिकाम्या आहेत आणि पेन बांधलेलंच आहे. या, करा सही. फक्त वाचत बसू नका, मागे लोक खोळंबलेत.