सुकी काच, ओली काच

गुलाबभाऊ कुणाच्याही घरी गेले की जयभीम नाही, रामराम नाही. आधी उजव्या हाताची करंगळी जिभेला लावायची आणि उंबऱ्यातच हवेत उभी धरायची. मग डोळे मिटून थोडं थांबायचं आणि निकाल द्यायचा, "धागा तुटते इथं, वहिनी."

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन मिलच्या चाळीत आले होते. मला वाटलं, हा माणूस माझ्या संसाराविषयीच बोलतो आहे! डोळ्यांत पाणी घेऊन मी आमच्या ह्यांना विचारलं तर हे पोट धरून हसले. म्हणाले, "अवं, तो हवेचा माणूस हाय. त्याचं मनावर नको घेऊ."

हवेचा माणूस म्हणजे काय, ते सांगते. मिलच्या विणखात्यात हवा कोरडी झाली की मागावरचं सूत तटातट तुटतं. म्हणून तिथं दिवसभर हवा गरम आणि दमट ठेवावी लागते. वाफेचा नळ कधी सोडायचा, कधी आवळायचा, हे बघणारे आमचे गुलाबभाऊ. भिंतीवर फॅरनहाइटचे दोन थर्मामीटर असायचे. गुलाबभाऊ त्यांना काचा म्हणत. एक सुकी काच आणि एक ओली काच. ओल्या काचेच्या बुडाला चिंधी बांधलेली, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलेलं. सुकीचा आकडा जास्त, ओलीचा कमी. दोघींतला फरक जितका थोडा, तितकी हवेत ओल जास्त. मी चौथीसुद्धा पास नाही, पण हे मला त्यांनी इतक्यांदा समजावलं आहे की आज झोपेतही सांगेन.

निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, काय पाहिजे? दुसऱ्या कुणी घड्याळ मागितलं असतं. गुलाबभाऊंनी मोडीतल्या दोन काचा मागितल्या. त्या घरी आणून खिळ्याला टांगल्या आणि मग सगळ्या चाळीचीच हवा बघू लागले. कुणाचे पापड कधी वाळतील, कुणाच्या दाराची लाकडं कधी फुगतील, सगळं सांगायचे. फक्त मे महिन्यात कुणाकडे जायचे नाहीत. म्हणायचे, "करंगळी वर नेतो तोवरच वाळते, वहिनी. नागपूरच्या उन्हात इमानदारीनं काम होत नाही."

त्यांची बायको कौसल्याबाई मुलखाची अबोल. त्यांचं माहेर मौद्याचं. भावाच्या शेतात बांधाजवळ त्यांना कासवाचं एक पिल्लू सापडलं, लिंबाएवढं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघा, जणू कुणी चांदण्या कोरल्यात. डब्यात ओली पानं घालून त्यांनी ते एसटीतून आणलं. नाव ठेवलं मुकादम. मी म्हटलं, "मुकादम काहून वं?" तर पदराआड हसून म्हणाल्या, "काही करत नाही. नुसती मान काढून दुसऱ्याचं काम पायते."

पावसाळाभर कौसल्याबाई मुकादमाला जास्वंदीची फुलं भरवत होत्या. मग भाच्याच्या लग्नाला म्हणून मौद्याला गेल्या आणि तिथंच राहिल्या. महिना झाला, दीड महिना झाला. भांडण तर आम्ही कधी ऐकलं नव्हतं. भिंतीला भिंत होती, ऐकू आलंच असतं. मी विचारलं की गुलाबभाऊ म्हणत, "येईन ना, कुठं जाते." शेजारच्या मंजुळाबाईंनी निकाल देऊन टाकला, "बाई ओल लागून पळाली."

तेवढ्यात थंडी पडली. आमच्या नागपूरची थंडी उन्हाळ्यासारखीच, पडली की पुरती पडते. मुकादमानं खाणं सोडलं. पाय आत, मान आत, दुकान बंद. आणि गुलाबभाऊंना निवृत्तीनंतर पहिल्यांदा नोकरी लागली!

चहाचं एक मोठं खोकं आणलं. वर जुन्या खिडकीचं तावदान, आत एका कोपऱ्यात विजेचा दिवा. उन्हाळ्यात कूलरला लावलेला वाळा माळ्यावरून काढला, भिजवला आणि तळाला अंथरला. भर जानेवारीत आमच्या व्हरांड्याला मे महिन्याचा वास यायला लागला. लोक शाली पांघरून यायचे आणि नाक वर करून जायचे. दोन्ही काचा खोक्यात टांगल्या. तासातासाला आकडे वहीत उतरवायचे. म्हणायचे, "नुसती ऊब देऊन चालत नाही, वहिनी. ओल नसली तं कोवळी पाठ वाकडी वाढते. पोरगं हाय अजून."

चाळीतले टवाळ जाता येता हाका मारत, "काय गा गुलाबा, अंडे उबवून राहिला काय?"

गुलाबभाऊ आतून ओरडत, "अंड्याचं सोपं हाय, बावा! अंड्याले कोंबडी रायते!"

एक दिवस मी विचारलंच, "भाऊजी, एवढ्याशा जिवासाठी एवढा आटापिटा?" तर वहीतून मान न काढता म्हणाले, "ती ठेवून गेली ना. उद्या कौसल्या आली आन् मुकादम नसला, तं मी कोणत्या तोंडानं दार उघडू?"

त्यानंतर मी चेष्टा केली नाही.

मग एका सकाळी धुतलेलं धोतर, इस्त्रीचा कोट. "मौद्याले जाऊन येतो. दोन दिवस मुकादम तुमच्या हवाली." मला खोक्यापुढे बसवून शिकवणी झाली. दिवा विझू द्यायचा नाही. दोन काचांतला फरक वाढला की वाळ्यावर पाणी शिंपडायचं. "दोघी जवळ जवळ पाह्यजे, वहिनी. फरक वाढला की समजा, धागा तुटला."

पहिल्या दिवशी मी दर तासाला पाहिलं, दोनदा पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तावदानातून बघते तर काय, दोन्ही काचा नव्वदावर! एका रेषेत! गुलाबभाऊंना आयुष्यात जमलं नाही ते मी करून दाखवलं होतं. मंजुळाबाईंना हाक मारली, आमच्या ह्यांना दाखवलं. फरकच नाही म्हटल्यावर पाणी कशाला शिंपडायचं? दिवसभर मी खोक्याला हात लावला नाही. उगाच चांगलं चाललेलं बिघडायचं.

दिवे लागायच्या सुमारास गुलाबभाऊ आले, एकटेच. मी पायरीवरूनच सांगितलं, "भाऊजी, फरक शून्य!"

त्यांचा चेहरा उतरला. करंगळीसुद्धा वर न करता ते खोक्याशी गेले, तावदान काढलं आणि ओल्या काचेची चिंधी चिमटीत धरली. ती कुरकुरली. खालच्या वाटीत पाण्याचा थेंब नव्हता.

"वहिनी," ते हळू म्हणाले, "ओली काच सुकून गेली. आता या दोन्ही सुक्याच हायेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सारख्याच दोन सुक्या काचा सारखाच आकडा दाखवणार. आणि मी दिवसभर त्या पिल्लाला दिव्याखाली पापडासारखं वाळवत होते! मुकादम कोपऱ्यात पडला होता. डोळे मिटलेले, खोल गेलेले. बोट लावलं तरी पाय आत घेईना.

माझी कणीक मळायची परात सगळ्यांत जवळ होती, तीच घेतली. त्यांनी कोमट पाणी केलं, बाळंतिणी बघतात तसं कोपरानं बघितलं आणि मुकादमाला त्यात ठेवलं. पाणी हनुवटीपर्यंत, नाकाला लागू द्यायचं नाही. मी रडत होते. म्हटलं, "भाऊजी, दोन शिव्या द्या मला."

"तुमची काय चूक? वाटीत पाणी घालत राहा, हे मी सांगतलंच नाही. मले वाटलं, एवढं तं माणसाले समजतेच."

मग पाण्याकडे बघत म्हणाले, "मौद्यालेही तेच केलं मी."

"म्हणजे?"

"दोन दिवस होतो. तिच्या भावाच्या घरची हवा पायली. कोठीत ओल हाय, तूर सडन म्हटलं. मुकादमाचे आकडे वाचून दाखवले. ती ऐकत होती. मंग एसटी आली, बसलो."

"घरी चल म्हटलं नाही?"

"आता मी एवढा मौद्यापर्यंत कायले गेलो, हे तिले समजलं नसन काय?"

"नसेल समजलं," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "मला तरी कुठे समजलं? तुम्ही सांगितलं तेवढंच समजलं! तीस वर्षं झाली ना लग्नाला? एकदा तरी तोंडानं काही सांगितलं काय तिला?"

ते उठून आणखी कोमट पाणी आणायला गेले. परातीतलं पाणी दोनदा बदललं. तिसऱ्यांदा बदलायला गेलो तेव्हा मुकादमाची मान जराशी लांब झाली. त्यानं पाण्यात तोंड बुडवलं आणि गळा हलला. प्याला, चांगला प्याला. आणि मग माझ्या परातीतच चुन्यासारखं पांढरंफेक करून मोकळा झाला.

"केलं, वहिनी, केलं!" गुलाबभाऊ असे ओरडले की अर्धी चाळ जमली. परात नंतर मी राखेनं चारदा घासली. आमचे हे आजही भाकरी खाताना तिच्याकडे संशयानं बघतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे एक पोस्टकार्ड ठेवलं. म्हटलं, लिहा. तीस वर्षं तासातासाला लिहिणारा माणूस, पण दुपार झाली तरी आमच्या ओट्यावर टाक धरून बसलेला. शेवटी कार्ड पालथं करून माझ्या हातात दिलं. "पेटीत तुम्हीच टाका, वहिनी. माह्याच्यानं होत नाही."

दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हे मला कळतं. मी वाचलं. कार्डभर नुसते आकडे होते. सुकी पंचाऐंशी, ओली ऐंशी. मुकादमानं जास्वंदीचं अर्धं फूल खाल्लं. वहिनीची चूक नाही. आणि अगदी खाली, जागा उरली नव्हती तिथं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, "तू गेल्यापासून सकाळचीच भाजी मी संध्याकाळी खातो. करमत नाही. ये."

कोपऱ्यावरच्या पेटीत मी ते कार्ड टाकलं. मग फटीत बोटं घालून दोनदा चाचपलं, कुठं कडेला अडकून तर राहिलं नाही ना.